डोंगराची माती

मागची अख्खी खोली एका स्टेशनाने अडवली होती. फलाट होता, सिग्नल होता, मुंगीएवढे प्रवासी होते आणि पलीकडे एक टकला डोंगर होता. आगगाड्यांची छोटी मॉडेलं बनवून संसार चालवणारा घरधनी महिनाभर त्या डोंगराकडे नुसता बघत बसला होता. गल्ली त्याला झुकझुकराव म्हणायची. हल्ली एक झुक व्हायचं, दुसरं काही केल्या होत नव्हतं.

काम होतं एका निवृत्त स्टेशनमास्तरांचं. आपलं पहिलं स्टेशन त्यांना दिवाणखान्यात मांडून हवं होतं. आत्तापर्यंत जेव्हा जेव्हा बघायला आले, तेव्हा तेव्हा मान हलवून गेले. "सगळं बरोबर आहे हो, पण हे माझं स्टेशन नाही." आज पुन्हा येणार होते, आणि आजही मान हलली तर काम बंद, असं सांगून ठेवलं होतं. मग मेहुण्याचं फरशांचं दुकान होतंच. मेहुण्याने गल्ल्याशेजारची खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती.

"मग हात चालव की रे!" चार दिवस राहायला आलेली आत्या म्हणाली.

"प्रेरणाच येत नाही गं आत्या."

"कधीपासून?"

"महिना होत आला."

"एवढे खाडे? मग तिच्या भरवशावर कशाला बसलायस? दुसरी बाई बघ."

ऑफिसला निघालेली बायको चपला घालता घालता म्हणाली, "अहो, ती यायची तेव्हा येईल. तोवर डोंगराला माती तरी लावा."

या घरात माती म्हणजे चहाचा चोथा. वाळवून डिंकावर भुरभुरला की खऱ्या मातीहून खरा दिसतो. पण कामच थंडावलं होतं, त्यामुळे चोथा साठवायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. झुकझुकरावाने मग सोपी वाट काढली. डब्यातली सगळी कोरी चहापावडर पातेल्यात उकळली, पाणी मोरीत ओतलं, चोथा मंद आचेवर कोरडा केला आणि जरा खडबडीत दिसावा म्हणून त्यात चार चिमटी लाकडाचा भुसा मिसळला. आता हे ठेवायचं कशात? समोर रिकामा, स्वच्छ डबा होता. चहाचाच. त्यात भरून तो डिंक आणायला गेला.

परतला तर मास्तर दारातच भेटले. आत येऊन त्यांनी चष्मा पुसला, फलाट पाहिला, सिग्नल पाहिला. मान हलायच्या बेतात होती, तेवढ्यात आत्या कप घेऊन आली.

"घ्या मास्तर. पावडर काय आणतात ही पोरं, देव जाणे! उकळून उकळून दमले तेव्हा कुठे रंग सुटला."

झुकझुकरावाच्या हातून डिंकाची बाटली निसटली. "मास्तर, थांबा! तो चहा–"

मास्तरांनी घोट घेऊन टाकला होता. ते थांबले. त्यांनी दुसरा घोट घेतला. डोळे मिटले. झुकझुकरावाला फरशांच्या दुकानातली खुर्ची स्पष्ट दिसू लागली.

"टपरी!" मास्तर ओरडले. "अहो, फलाटाच्या टोकाला चहाची टपरी होती! तीच नाहीये इथे! म्हणून तर हे माझं वाटत नव्हतं! हा अगदी तिथलाच चहा. तो माणूस त्यात काय घालायचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही."

झुकझुकरावाला मात्र कळलं होतं. त्याचे हात आगपेटीकडे गेले होते. काड्यांची टपरी उभी राहिली, मण्याची किटली झाली, आणि टपरीवाल्याच्या तोंडावर त्याने बेरकी हसू रंगवलं. मास्तर आणखी एक कप मागून घेऊन शेजारी बसून राहिले.

आत्याने दारातून डोकावून पाहिलं. "आली वाटतं तुझी प्रेरणा! कोणत्या दाराने आली? मला कशी दिसली नाही?"

संध्याकाळी बायकोने हकीगत ऐकून कपाळाला हात लावला. "म्हणजे माती खाल्लीत!"

"खाल्ली नाही. पाजली."

मास्तर आता दर आठवड्याला येऊ लागले. काम बघायला, असं म्हणायचे. पण तो चहा पाहिजेच. त्यामुळे घरातला सगळा चोथा त्यांच्यासाठी राखून ठेवावा लागला, आणि डोंगर उघडा तो उघडाच. शेवटी बायकोने मन घट्ट करून स्वतःसाठी आणलेली उंची, सुगंधी चहापावडर डोंगरावर पसरू दिली.

स्टेशन न्यायला आलेले मास्तर कप हातात धरूनच डोंगरावर वाकले.

"माती झकास जमलीय. पण हा वास कसला हो?"

"चहाचा," बायको न राहवून म्हणाली.

"काहीतरीच काय वहिनी!" मास्तर हसले आणि कप नाकाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले. "चहाचा वास असा असतो."