मागं कोण बसते?

गजभियेकाका कोणाच्याही दारी गेले की आधी माणसाकडे बघत नाहीत. दारात मोटारसायकल उभी असेल तर सरळ तिच्यासमोर जातात, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत पकडतात आणि हँडल धरून मागेपुढे हलवतात. कुठे खुट्ट वाजलं की मान हलवतात. नाही वाजलं तरी मान हलवतात, पण जरा कमी. मग वर बघून म्हणतात, "नमस्कार."

माझ्या भाचीला बघायला एक मुलगा आमच्या घरी आला होता. सोबत त्याची आई, रेशमी साडीतली. त्यांनी गाडी लावली, चपला काढल्या, मी पोह्यांवर कोथिंबीर घालत होते, आणि बाहेर आमचे काका त्या परक्या मुलाच्या गाडीचं चाक गुडघ्यांत धरून उभे. मला वाटलं, झालं, जमलेलं मोडलं. काकांनी मागच्या टायरवरून बोट फिरवलं आणि मुलाला विचारलं, "मागं कोण बसते?"

मुलगा गोंधळला. "मम्मी," म्हणाला.

काकांनी आधी टायरकडे पाहिलं, मग त्या बाईंकडे पाहिलं. "ताई, जाताना तुम्ही ऑटोनं जा. याच्या टायरले नक्षीच उरली नाई."

बाई खरंच ऑटोने गेल्या. मी चार दिवस काकांशी बोलले नाही. पुढच्या आठवड्यात मुलगा नवं टायर घालून आला, काकांना दाखवून मगच आत आला. लग्न झालं. आता माझी बहीण मला सांगते की तुमचे गजभिये म्हणजे देवमाणूस. त्या दिवशी तीच रडत होती.

काका उरला नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाले तेव्हा मिलने शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि आमच्या गल्लीला काका दिले. तोवर आम्ही त्यांना फक्त शिफ्टला जाता-येता पाहिलेलं. त्या वसाहतीला लागूनच, हिंदी मुलखातल्या बीरगांवात आमची गल्ली म्हणजे अठरा घरं आणि पंचवीस दुचाक्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर कारखान्यांची काळी धूळ बसते, तशीच ती चेनवर बसते, ब्रेकमध्ये जाते, केबलमध्ये जाते. कपडे आम्ही झटकतो. चेन कोण झटकणार? काकांनी ते काम अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे विश्वकर्मा पूजेला सगळ्या गाड्या धुऊन, पुसून, झेंडूचा हार घालून पूजेला लावतात. काका बौद्ध. ते पूजेला उभे राहत नाहीत, पण पूजेच्या आधीच्या रविवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसतात. मिलमध्ये पूजेच्या आधी मशिनींची तपासणी व्हायची, ती सवय त्यांनी गल्लीत आणली. त्यांचं म्हणणं साधं आहे. "पूजा तुमची, तपासणी माही. हार घालायचा तर हार घालण्यालायक गाडी पायजे." जी गाडी पास होते तिच्या टायरवर ते खडूने "पास" लिहितात. नापास गाडीला हार नाही. आणि हा नियम काका पाळायला लावत नाहीत, गल्लीतल्या बायका लावतात, म्हणून तो चालतो. माझ्या नवऱ्याची गाडी दोन वर्षांपूर्वी ब्रेकलाईटसाठी नापास झाली तेव्हा मी हार कपाटात कुलूपबंद ठेवला होता. दिलीप पूजेच्या सकाळी सात वाजता मेकॅनिकचं दार ठोठावत होता.

तपासणी कशी? काही विशेष नाही. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, चेन किती ढिली, टायर किती उरलं, हॉर्न वाजतो का, पाय ब्रेकवर पडला की मागचा लाल दिवा लागतो का. निम्मी गल्ली या लाल दिव्यावरच आपटते, कारण तो चालवणाऱ्याला कधी दिसतच नाही. हेडलाईट रस्त्यावर पडतो की समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर. पुढच्या शॉकअपमधून तेल गळतं का. आणि आरसे. आमची पोरं गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात आरसे काढून टाकतात. म्हणे गाडी बारीक दिसते.

एका वर्षी पोरांनी युक्ती केली. आरशांची एकच जोडी गल्लीभर फिरवली. एकाची तपासणी झाली की आरसे काढायचे आणि मागच्या बोळातून पुढच्याला द्यायचे. काकांनी चार गाड्या तपासल्या. पाचव्या गाडीला आरसा हातात घेऊन त्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "या आरशात आज मी पाचव्यांदा स्वतःले पाहून राहिलो. पहिल्यापेक्षा थकलेला दिसतो." पाचही गाड्या नापास. पोरं हिंदीत कुरकुरली, "अंकल, इतना कौन देखता है?" काका म्हणाले, "मागून येणारा ट्रक."

कोणती गाडी चांगली, असं विचारलं तर ते कंपनीचं नाव घेत नाहीत. "गाडी दगा देत नाई," म्हणतात. "ते महिना महिना सांगत असते. आधी कुरकुरते, मग थरथरते, मग घसरते. आपण रेडिओ लावून बसतो." माझ्या स्कूटरबद्दल त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मास्तरीणबाई, तुमची स्कूटर थांबते, पण तुम्ही म्हणता तेव्हा नाई. तिच्या मनानं थांबते." माझ्या वर्गातली दोन मुलं तिथे उभी होती. वर्षभर शाळेत ते वाक्य फिरत होतं.

पण ज्याच्या मागे कोणी बसत नाही त्याला काका थोडं सोडतात. मागे बायको, आई, लेकरू बसत असेल तर मग त्यांच्यातला फिटर जागा होतो. पायदान हलवून बघतात, साडीगार्ड बघतात, सीटखालचा बोल्ट बघतात. "पुढं बसणाऱ्याले खड्डा दिसते," म्हणतात. "मागचा माणूस आपल्या भरवशावर बसून असते."

त्यांच्या स्वतःच्या मागे कमलकाकू बसतात. काकांची गाडी शंभर सीसीची, काळी, लाल पट्ट्याची, वीस वर्षांची. दर रविवारी सकाळी ते काकूंना शहरातल्या विहारात वंदनेला नेतात. मी एकदा काकूंना म्हटलं, विहार तर इथेही जवळ आहे, एवढ्या लांब कशाला? काकू भाजी निवडत होत्या. हसल्या.

"घरी बोलत नाईत हे," म्हणाल्या. "लग्न झालं तवापासून असंच. समोर बसलं की ताटात पाहतात. गाडीवर बसलं की बोलतात. तोंड पुढं असते ना, माह्याकडं पाहावं लागत नाई. जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास. मले दोघांचं लग्न तेवढ्या रस्त्यात झाल्यासारखं वाटते. म्हणून लांबचा विहार."

मी निवडलेली भाजी परत निवडायला घेतली.

या हिवाळ्यात त्या गाडीची नोंदणी संपत आली. पंधरा वर्षं झाली की गाडी सरकारला दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि मग दर पाच वर्षांनी. काकांची ही दुसरी खेप. माझ्या स्कूटरची पहिली. नापास झाली तर काकूंचा रविवार गेला, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. काकांनी दोन महिने गाडी खोलली. चाकांचे बेअरिंग बदलले, ब्रेकशू बदलले, केबल नव्या टाकल्या. जाता-जाता माझ्या स्कूटरलाही तीनदा नापास करून चौथ्यांदा पास केलं. मी चिडून म्हटलं, "काका, सरकार तरी एवढं बघणार आहे का?" ते म्हणाले, "सरकारचं मले माहीत नाई. मी पाहून राहिलो."

ठरल्या दिवशी आम्ही दोघं आपापल्या गाड्यांवर आरटीओत गेलो. माझी स्कूटर लगेच पास झाली, मग काकांची पाळी आली. तपासणारे साहेब तरुण होते, पण कामाचे होते. त्यांनी चेसिसचा नंबर टॉर्च लावून वाचला, दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवला, खाली बसून चाकं फिरवली. काका त्यांच्याकडे असे बघत होते की मला वाटलं आता याला मांडीवर घेतात की काय. मग साहेब म्हणाले, "चाचा, वहाँ से आइए और सफ़ेद लाइन के पहले रोकिए।"

काका आले. गाडी रेषेच्या हातभर अलीकडे थांबली, सरळ, न घसरता. साहेबांनी अंगठा दाखवला. "बीस साल की गाड़ी और ऐसी हालत? पास।"

काका गाडीवरून उतरले नाहीत. उजव्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "साहब, एक बार फिर से।"

दुसऱ्यांदाही गाडी रेषेच्या अलीकडेच थांबली. साहेब हसले. "हो गया चाचा, पास है।" काका म्हणाले, "गाड़ी पास है साहब। चलानेवाला नापास है।" साहेबांना तो विनोद वाटला. मागे रांग होती. त्यांनी कागदावर सही केली आणि पुढची गाडी बोलावली.

बाहेर टपरीवर काकांनी चहाचा ग्लास डाव्या हाताने उचलला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या पूजेच्या तपासणीत त्यांच्या हातून पाना दोनदा निसटला होता. आम्ही हसलो होतो.

"बोटं दाबत नाईत," ते म्हणाले. "पुढचा ब्रेक धरला, असं मले वाटलं. बोटं नुसती ठेवलेली होती. दोन्ही वेळा मागच्या ब्रेकवर थांबलो."

"थांबलात ना पण? रेषेच्या अलीकडे थांबलात. साहेबांनी पास केलं. मग तुम्ही कोण मोठे लागून गेलात नापास करणारे?" मला राग आला होता. कोणावर, ते मला कळत नव्हतं. "हळू चालवा. वीसच्या वर जाऊ नका. जवळच्या विहारात न्या काकूंना."

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "मास्तरीणबाई, सरकारनं गाडी पाहिली, बरोबर पाहिली. माणूस पाहणं त्याचं काम नव्हतं. आजवर मी कोणाले नुसत्या मागच्या ब्रेकवर पास केलं काय?"

नव्हतं केलं. दिलीपला केलं नव्हतं, मला केलं नव्हतं, भाचीच्या नवऱ्याला तर नाहीच नाही.

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, निदान घरापर्यंत तरी चालवत चला. नाही म्हणाले. संध्याकाळी दिलीप जाऊन गाडी घेऊन आला. काका माझ्या स्कूटरवर मागे बसले. सगळ्या रस्त्यात फक्त "ब्रेक", "इंडिकेटर" आणि "ट्रक" हे तीन शब्द बोलले. माणूस मोडला असेल असं मला वाटलं होतं. शिस्त मोडली नव्हती.

डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, वय आहे, व्यायाम करा, बघू. काका रबरी चेंडू दाबत गल्लीत फिरू लागले. रोज सकाळी माझ्या स्कूटरच्या ब्रेकची मूठ दाबून पाहायचे आणि स्वतःच्या हाताला "नापास" म्हणून घरी जायचे. शेजारच्या साहूभैयांनी एकदा त्यांना समजावलं, एवढ्याशा हातासाठी कशाला गाडी सोडता. काका मान डोलवत "हव" म्हणाले आणि गाडीला हात लावला नाही.

काकूंना रविवारी मी न्यायचं ठरलं. पहिल्या रविवारी काकू माझ्या मागे गप्प बसल्या. मी बोलत होते, त्या हुंकार देत होत्या. उतरताना म्हणाल्या, "तू चांगली चालवतेस गं." एवढंच. मला माझाच राग आला.

दुसऱ्या रविवारी मी वेळेवर त्यांच्या फाटकापाशी गेले. स्कूटर बंद केली आणि हाक मारणार, तर अंगणात काकांची गाडी डबल स्टँडवर उभी. इंजिन बंद. पुढे काका बसलेले, हेल्मेट घालून. मागे काकू, त्यांच्याही डोक्याला हेल्मेट, पांढऱ्या साडीचा पदर नीट खोचलेला, एक हात काकांच्या खांद्यावर. समोर नुसती भिंत होती.

काका भिंतीकडे पाहून बोलत होते. मिलमधल्या कोण्या माणसाबद्दल काहीतरी सांगत होते, मग त्यांनी ब्रेकची मूठ धरून पाहिली.

"भेव वाटते मले, कमल," ते म्हणाले. "हाताचं नाई. तुले कुठं नेता नाई आलं तर मी काय बोलू, समजत नाई."

"बोला ना," काकू म्हणाल्या. "मी कुठं उतरून राहिली?"

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. काकांच्या खांद्यावरचा हात त्यांनी हलवला नाही. दुसऱ्या हाताने मला खूण केली, थांब म्हणून.

मी फाटकाबाहेर जाऊन थांबले. अर्धा तास थांबले असेन. त्या दिवशी वंदनेला आम्ही उशिरा पोचलो, सगळ्यांनी वळून पाहिलं. तेव्हापासून मी दर रविवारी अर्धा तास उशिरा जाते.