बोट रिकाम्या बाकाकडे

"बोट असं पोटाशी धरून कोणाला दाखवताय? हात लांब करा," पाळकसाहेबांची बायको रिकाम्या चर्चच्या मधोमध उभी राहून म्हणाली.

पाळकसाहेब व्यासपीठावर उभे होते. शनिवारची दुपार होती, समोर बायकोशिवाय चिटपाखरू नव्हतं, तरी ते खालीच बघत होते. देवाचं भय त्यांना होतंच, त्यांच्या कामात ते असावंच लागतं. पण त्याहून जास्त भय मंडळीचं होतं. रविवारी ती सगळी माणसं ओळीने बसून आपल्याकडे बघतात, या एका गोष्टीने त्यांची गुरुवारपासून झोप उडायची. प्रवचन खाली बघून सुरू व्हायचं, खाली बघूनच संपायचं, आणि मधल्या वेळात मंडळी डुलक्या काढायची. याआधी दोन मंडळ्यांनी त्यांना अतिशय प्रेमाने निरोप दिला होता.

इथलं त्यांचं परीक्षेचं वर्ष उद्या संपत होतं. उद्याच्या उपासनेनंतर लगेच कमिटी बसणार आणि त्यांना कायम करायचं की नाही ते ठरवणार. बायकोला इथल्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती. तिने कालच बजावलं होतं, "आता मी भांडी पुन्हा खोक्यात भरणार नाही. काय ते एकदा धीट बोला."

म्हणून तिनेच बायबलमधला उतारा निवडला होता. दावीद राजाने दुसऱ्याची बायको पळवली आणि पाप दडपलं. तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्यापुढे गेला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एका गरिबाकडे एकच मेंढी होती. ती त्याच्याच ताटातलं खायची, त्याच्याच कुशीत झोपायची. शेजारच्या श्रीमंताकडे कळपच्या कळप होते, तरी त्याने ती एकुलती एक मेंढी उचलली. राजा संतापून विचारतो, कोण तो नीच माणूस? आणि नाथान बोट रोखून म्हणतो, तो माणूस तूच.

"इथे बोट लागतंच," बायको म्हणाली.

"कोणाकडे करू? ज्याच्याकडे करीन तो मत देणार नाही."

"रिकाम्या जागी करा. डावीकडे लाऊडस्पीकरखालचं बाक आहे, तिथे कान फुटतात म्हणून कोणी बसत नाही. आणि एकदा उजवीकडे पहिल्या बाकाकडे करा. अध्यक्षांनी आजच त्याला व्हार्निश मारून घेतलंय, उद्या ते ओलंच असेल."

कमिटीच्या अध्यक्षांचा फर्निचरचा कारखाना होता आणि ते पहिलं बाक त्यांचं नेहमीचं होतं. त्या बाकावर कोणी बसणार नाही, म्हणजे अध्यक्ष दुसरीकडे कुठेतरी बसणार, हा विचार दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आला नाही.

"आणि चष्मा काढून ठेवा," बायको म्हणाली. "चेहरे दिसलेच नाहीत तर भीती कोणाची वाटेल? प्रवचन पाठ आहे ना?"

"पाठ आहे, म्हणूनच विसरेन असं वाटतंय."

रविवारी पाळकसाहेब व्यासपीठावर चढले. त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला आणि काय चमत्कार, मंडळी नाहीशी झाली. समोर नुसते रंगांचे डाग उरले. नाथान बोलायला लागला आणि त्याचा आवाज ऐकून पाळकसाहेब स्वतःच चपापले. हा आवाज आपल्या घशात इतकी वर्षं कुठे दडून बसला होता ते त्यांना कळेना.

"ती मेंढी त्याच्या कुशीत झोपायची," ते म्हणाले. "ती गेल्यावर त्या गरिबाच्या घरात जेवण गोड लागेना. आणि शेजारच्या भिंतीपलीकडे ती कोणाच्या घरात होती?" इथे त्यांनी हात लांब केला, डावीकडे, लाऊडस्पीकरखालच्या तपकिरी डागाकडे. तो लाऊडस्पीकरचा खांब आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. "तो माणूस तूच."

तो खांब नव्हता. तपकिरी सूटमधले अध्यक्ष होते. बाक ओलं म्हणून ते नाइलाजाने तिथे बसले होते, आणि ते वाक्य बोटाच्या नेमाने त्यांच्या डोळ्यांत आणि लाऊडस्पीकरच्या जोराने त्यांच्या कानात एकदमच शिरलं. सगळ्या चर्चने वळून पाहिलं. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं.

पाळकसाहेबांना फक्त शांतता ऐकू आली. आजवर त्यांच्या प्रवचनात एवढी शांतता झाली नव्हती, निदान घोरण्याशिवाय. त्यांना जोर चढला. ते उजवीकडे वळले आणि ओल्या बाकावर बोट रोखलं. "आणि तू! तोंडावर एक बोलतोस आणि पाठीमागे दुसरं करतोस. लपून बसशील, पण उठून उभं राहायची वेळ आली की काय करशील?"

ओल्या बाकावर कमिटीतले दातांचे डॉक्टर बसले होते. ते उशिरा आले तेव्हा प्रार्थना चालू होती. आपण आधीपासूनच भक्तीत बुडालो आहोत असं दिसावं म्हणून ते डोळे मिटून आत सरकले आणि हाताला लागलेल्या पहिल्या बाकावर टेकले. 'बसू नये' असा कागद होता, पण तो पंख्याच्या वाऱ्याने कधीच बाकाखाली गेला होता.

प्रवचन संपलं, गीत सुरू झालं, मंडळी उभी राहिली. डॉक्टर उठायला गेले आणि जागच्या जागी राहिले. पुन्हा जोर केला. कमरेखालून कोणीतरी त्यांना धरून ठेवलं होतं. डॉक्टर एरवी हिशेबी माणूस, पण त्या क्षणी त्यांना व्हार्निश सुचलं नाही. आपल्या पायांतली शक्ती देवाने काढून घेतली, असंच त्यांना वाटलं आणि ते बसल्या बसल्या हात जोडून मोठ्याने रडायला लागले. शेजारच्या बायकांनी ते पाहून गाणं सोडलं. ऑर्गन एकटाच वाजत राहिला.

पाळकसाहेबांना रडणं ऐकू आलं. ते इतके घाबरले की आशीर्वाद अर्ध्यावर आटोपून मागच्या खोलीत पळाले. चष्मा चढवतात तोच दारात अध्यक्ष. पाळकसाहेबांच्या डोळ्यांपुढे भांड्यांची खोकी उभी राहिली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" अध्यक्षांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"काय कोणी सांगितलं?" पाळकसाहेबांनी टेबलाचा कोपरा घट्ट धरला.

"विचारून आणखी लाजवू नका. पण ती आपणहून आली हो. मी नुसता मासा दाखवला."

"मासा?"

"आणि मग खिडकी लावून घेतली. ती माझी चूक. कबूल करतो."

अध्यक्षांच्या शेजारी, एका भिंतीपलीकडे, निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्यांना मागेपुढे कोणी नव्हतं. एक मांजर होती, ती त्यांच्याच बशीतलं खायची आणि त्यांच्याच पांघरुणात झोपायची. ती हरवून तीन आठवडे झाले होते. अध्यक्षांकडे स्वतःची चार मांजरं होती, पण एकही मांडीवर यायला तयार नव्हतं. ही आली. ती मांडीवर घुरघुरायला लागली, आणि अध्यक्षांच्या हातून पाप घडलं.

"मी आत्ता जाऊन घेऊन येतो," असं म्हणून अध्यक्ष गेलेसुद्धा. पाळकसाहेबांना काय झालं ते समजायच्या आत कोणीतरी डॉक्टरांना धरून आणलं. त्यांना बाकावरून सोडवलं होतं, पण पँटचा बराचसा भाग बाकानेच ठेवून घेतला होता. मागून कोट गुंडाळून ते उभे राहिले.

"साहेब, मी तुम्हाला सांगितलं, माझं मत तुम्हालाच. आणि अध्यक्षांना सांगितलं, याला घालवू. देवाने आज माझे पाय धरले. आता दोन्ही हात वर करतो."

पाळकसाहेब खुर्चीत बसले. सगळं आपल्या बाजूने चाललं होतं आणि त्यातलं काहीही आपण केलेलं नव्हतं. गप्प बसलं की झालं, असं मन सांगत होतं. या मोहाची भीती त्यांना मंडळीच्या भीतीहून मोठी वाटली.

कमिटी त्याच खोलीत बसली. अध्यक्ष, डॉक्टर, ऑर्गनवाल्या बाई आणि मांडीवर मांजर घेतलेल्या नर्सबाई. अध्यक्षांनी अंगणात सगळ्यांदेखत मांजर परत केली होती आणि माफीही मागितली होती. आता खोलीत कोणीही पाळकसाहेबांच्या नजरेला नजर देत नव्हतं. ऑर्गनवाल्या बाईंवर तर बोटही आलं नव्हतं, तरी त्या सारख्या पदर सारखा करत होत्या.

"चर्चेची गरज नाही," अध्यक्ष घाईने म्हणाले. "कायम करायचं. हात वर करा."

"थांबा," नर्सबाई म्हणाल्या. "माझं एक विचारायचं आहे. पाळकसाहेब, मी तुमच्याकडे येऊन तीनदा रडले. तुम्ही माझ्याबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केलीत, ती मिळू दे म्हणून. तुम्हाला ठाऊक होतं ती कुठे आहे, तर मला सांगितलं का नाही?"

पाळकसाहेबांना एक उत्तर तयार दिसत होतं: देवाने मला आज सकाळीच दाखवलं. एवढं म्हटलं की जन्मभर कोणी त्यांच्या प्रवचनात डुलकी काढली नसती. जीभ वळायलाही लागली होती. पण समोर नर्सबाईंचा चेहरा होता, आणि आज पहिल्यांदाच ते एखाद्या चेहऱ्याकडे नीट बघत होते. रडून रडून त्या चेहऱ्याचे डोळे सुजलेले होते.

"मला काही ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "मी चष्मा काढला होता. मला कोणीच दिसत नव्हतं. मी रिकाम्या बाकाकडे बोट केलं होतं."

"चष्मा का काढलात?"

"तुमची भीती वाटते म्हणून. सगळ्यांचीच. अध्यक्षांची जरा जास्त."

मग अध्यक्ष हळूहळू उठून ताठ उभे राहिले. "म्हणजे मी सगळ्या गावादेखत विनाकारण–"

"विनाकारण?" नर्सबाईंनी विचारलं, आणि अध्यक्ष पुन्हा खाली बसले.

"माझी नवी पँट होती," डॉक्टर कोणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाले.

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. खोकी, सुतळी, निरोपाचा हार, सगळं त्यांना दिसायला लागलं. तेवढ्यात ऑर्गनवाल्या बाईंनी तोंड उघडलं. "खरंच आम्हाला घाबरता?"

"फार."

बाईंनी पदर सोडला आणि सुस्कारा टाकला. "आधीचे पाळकसाहेब आठवतात? ते नुसते खाकरले तरी माझा सूर चुकायचा. मी त्यांच्या भीतीने कितीतरी रविवार आजारी पडले."

"मी तर त्यांना पाहून रस्ता बदलायचो," अध्यक्ष म्हणाले. ते पाळकसाहेबांकडे, बाजारात अचानक मिळालेल्या अस्सल लाकडाकडे बघावं तसे बघत होते. "आजवर प्रत्येक पाळकाला आपणच घाबरलो. आपल्याला घाबरणारा पाळक मिळतोय, आणि तो खरंही बोलतोय. हा सोडला तर पुन्हा मिळायचा नाही. हात वर करा."

सगळे हात वर झाले. डॉक्टरांनी एकच केला, कारण दुसऱ्या हाताने कोट धरला होता. नर्सबाईंनी हात सर्वांत आधी वर केला होता.

बाहेर पायऱ्यांवर बायको उभी होती. पाळकसाहेबांचा पांढराफटक चेहरा पाहून ती पुढे आली. "काय झालं? घालवलं का?"

"नाही. कायम केलं. एकमताने."

"मग असे थरथरताय कशाला?"

पाळकसाहेबांनी कठड्याला हात टेकला आणि सावकाश पायरीवर बसले.

"कायम म्हणजे," ते म्हणाले, "आता दर रविवारी."