बारा वर्षं मागे

इचोड्याच्या बुद्धविहारातला संगणक रामाजी स्वतःच्या हातानं पुसायचे, स्वतःच्या हातानं झाकायचे आणि त्यातला म्हातारा ब्राउझर बदला म्हणणाऱ्याला स्वतःच्या तोंडानं झाडायचे.

"माह्या संगणकावर नीट दिसली तं तुही वेबसाइट. नाई तं आपली वही बरी!" विहाराच्या वधू-वर मेळाव्याची वेबसाइट करणाऱ्या वृषालीला त्यांनी बजावलं. मेळावा रविवारी होता, आणि महसूल खात्यातल्या या निवृत्त गिरदावराची स्थळांची वही म्हणजे जमिनीच्या पहाणीतली नोंद; खोडायची सोय नाही.

वृषालीची ही पहिलीच वेबसाइट. 'पोरगी दिवसभर लॅपटॉपात तोंड घालून काय करते' या प्रश्नाचं गल्लीला द्यायचं उत्तर तेच होतं. पण तिच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपनं तपासणीसाठी आणलेला तो जुना ब्राउझर दारातूनच परत पाठवला. मग तिनं सॉफ्टवेअरनं लॅपटॉपच्या पोटातच एक जुना संगणक उभा केला. तो सुरू होताच म्हणाला, मुदत संपली. तिनं त्याची तारीख बारा वर्षं मागे नेली. तो गपगुमान चालू लागला.

शेजारी बसलेल्या रामाजींनी चष्मा वर केला. "दिसून राह्यली का नाई झकास! काढ यादीच्या चाळीस प्रती."

"काका, तपासणं चालू हाय अजून..."

"तपासाले मी हाय न!"

प्रती निघाल्या आणि दुपारच्या बसनं नेरडीगोंड्यापर्यंत पोचल्या. दुसऱ्या सकाळी द्वारकाबाईंचा फोन आला.

"माही भाग्यश्री बारा वर्षांची? बँकेत हाय थे!"

रामाजींनी कागद धरला. हर्षदीप, इंजिनिअर, वय तेरा. त्यांनी घाईनं कागदाची घडी घातली. "ठाण्यातल्या एसआय साहेबानं पाह्यलं तं मले मांडवातूनच उचलंल! काऊन झालं असं?"

वृषालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वेबसाइट वय काढायची जन्मतारखेवरून आणि संगणकाच्या आजच्या तारखेवरून. पोटातल्या संगणकाचा 'आज' बारा वर्षं जुना होता.

"वही आण," रामाजी थंडपणे म्हणाले.

रविवारपर्यंत तिनं घरोघर फोन करून माफी मागितली. दोनच फोन लागले नाहीत. एक भूषण गुरुजींचा. वय सत्तेचाळीस, कागदावर पस्तीस. दुसरा दवाखान्यातल्या रुख्मिणी सिस्टरचा. वय त्रेचाळीस, कागदावर एकतीस. आणि रविवारी पाहते तर दोघं विहाराच्या पायरीवर चहा पीत बसलेले! गुरुजींचे केस एरवीपेक्षा काळे होते. आजवर दोघांचीही नावं वहीच्या शेवटच्या पानावर पडून असायची. तिथपर्यंत कोणी पान उलटतच नसे.

वृषाली हात जोडून पुढे गेली. "गुरुजी, सिस्टर, माही चूक झाली. वयं बारानं कमी छापली."

गुरुजींचा कप बशीत वाजला. "मले वाटलं, फक्त माह्यंच चुकलं. म्हणून गप बसलो."

"मीबी त्याच्यापायीच गप होती," म्हणत रुख्मिणीनं बोटांवर मोजलं आणि खळखळून हसली. "तुमचे बारा गेले, माह्येबी बारा गेले. फरक तं चारच राह्यला न!"

गुरुजी लाजले. सत्तेचाळीसचा माणूस पस्तीसला शोभेल असा लाजला.

रामाजींनी दोघांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"पोरी, तुहीच वेबसाइट चालू दे. तारीख तेवढी नीट कर."

"केली, काका."

ते दोन पावलं गेले, परत आले, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच वाकले.

"त्या पोटातल्या संगणकावर माह्यं किती दाखवते गं?"