जुन्या बाजारातले आजोबा

चष्मेवाल्यांच्या घरात नऊ खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या फक्त तीन खुर्च्यांवर बसता येत होतं. बाकीच्या सहा व्हिंटेज होत्या. हा शब्द त्यांच्या बायकोने दोन वर्षांपूर्वी कुठूनसा घरात आणला आणि त्याच्यामागोमाग निम्मा जुना बाजार आला. तार नसलेला तबकडीचा फोन आला. टीपॉयऐवजी एक लोखंडी ट्रंक आली, तिच्यावर कप ठेवला की तो हळूहळू स्वतःच चालू लागायचा. दिवसभर दुकानात लोकांचे डोळे तपासून दमलेले चष्मेवाले घरात पाऊल टाकायचे, त्यांचा गुडघा कशावर तरी आदळायचा, आणि मग त्यांना कळायचं की आज काहीतरी नवीन जुनं आलंय.

"अगं, याचा उपयोग काय?" ते विचारायचे.

"उपयोगाचं नाहीये ते. वातावरण तयार होतं," बायको म्हणायची. गुडघा चोळत चष्मेवाले त्या वातावरणात वाट काढत आत जायचे.

महिन्यापूर्वी तिने एक लंबगोल चौकट आणली. जुनं कोरीव लाकूड, वर वेलबुट्टी. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, फक्त चौकटीत एक गृहस्थ होते. जाड मिशा, बंद गळ्याचा कोट आणि उधारी मागायला आल्यासारखी नजर.

"हे कोण?"

"मला काय माहीत? मला फ्रेम हवी होती. यांना काढून आरसा बसवायचाय. सुतार मंगळवारी येतोय."

कुठल्या मंगळवारी ते सुताराने सांगितलं नव्हतं. तोपर्यंत गृहस्थ बैठकीच्या भिंतीवर लागले.

दुसऱ्याच दिवशी शेजारीणबाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, "हे कोण हो?" आता इथे खरं सांगून टाकायला काय हरकत होती? पण कुणाचे तरी वडीलधारे आम्ही बाजारातून विकत आणून टांगलेत, हे वाक्य काही केल्या चष्मेवाल्यांच्या तोंडातून निघेना. "आमचे आजोबा," ते म्हणाले आणि मोकळे झाले.

"तरीच. नाक अगदी तुमचंच आहे."

चष्मेवाल्यांना खरं तर बरं वाटलं. आणि गडबडले की गरजेपेक्षा एक वाक्य जास्त बोलायची त्यांना खोड होती. "फार करारी माणूस," ते म्हणाले. पंधरा दिवसांत आजोबांनी नदीवर दोन पूल बांधले, एका वाघाला नुसत्या नजरेने परत पाठवलं आणि सबंध इमारतीत त्यांचं नाव झालं.

"सरळ सांगायचं ना, फ्रेम आवडली म्हणून आणली," बायको वैतागून म्हणाली.

"तू आणायचीच नव्हतीस ना."

"मी फ्रेम आणली. आजोबा तुम्ही आणलेत."

हे खरं असल्यामुळे चष्मेवाल्यांना जास्तच राग आला.

अशात तो रविवार उजाडला. मुलीचं तिच्या ऑफिसातल्या एका मुलाशी दोन वर्षांपासून ठरलं होतं. म्हणजे त्या दोघांचं ठरलं होतं. मुलाच्या घरी त्याच्या आजीने मान हलवल्याशिवाय पानही हलत नसे आणि आजी त्या दिवशी पहिल्यांदाच मुलीचं घर बघायला येणार होती. मुलीने सकाळपासून तीनदा पडदे सारखे केले होते. एकुलती एक पोर. आजवर तिने हट्ट म्हणून कशाचा धरला नव्हता.

"बाबा, आज विचारतील तेवढंच बोला," ती म्हणाली. "एक वाक्य. फार तर दोन."

"बोलतच नाही मी. अगं, तो फोटो आज तरी काढून ठेव."

"त्याच्यामागे गिलाव्याचा ढपला निघालाय, तो दिसेल," बायको आतून म्हणाली. आजोबा राहिले.

बरोबर चार वाजता मंडळी आली. मुलाचे वडील शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले मास्तर. त्यांच्या मागे मास्तरीणबाई, त्यांच्या मागे काठी टेकत एवढीशी आजी आणि सगळ्यात शेवटी घाम पुसणारा मुलगा. मास्तर दिसली ती खुर्ची ओढायला लागले.

"त्यावर नको," बायको म्हणाली.

मास्तर दुसरीकडे वळले.

"तीही नको. ती नुसती बघायची आहे."

शेवटी आजी, मास्तर आणि मास्तरीणबाई यांना तीन खऱ्या खुर्च्या मिळाल्या आणि बाकीचे उभे राहिले. चहा आला. मास्तरांनी कप ट्रंकेवर ठेवला, तो निघाला, मुलीने तो काठावर पकडला. एवढं सोडलं तर सगळं सुरळीत चाललं होतं. आजीने मुलीला जवळ बोलावून तिच्या कामाबद्दल विचारलं आणि उत्तर ऐकून ती चक्क हसली. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मास्तरांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"हे कोण?"

"आमचे आजोबा," चष्मेवाले म्हणाले. एक वाक्य झालं होतं. तिथेच थांबायचं. "माझ्या वडिलांचे वडील. फार करारी."

मास्तर उठले. फोटोपाशी गेले, चष्मा वर केला, खाली केला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे माझे आजोबा आहेत."



"माझ्या वडिलांचे वडील. कोटाचं तिसरं बटण बघा. बाकीची काळी, हे पांढरं. फोटो काढायच्या दिवशी सकाळी ते तुटलं आणि आजीने हाताला लागलं ते लावून दिलं. शंभर वेळा ऐकलंय मी." त्यांनी वळून चष्मेवाल्यांकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "आजोबा मोजणी खात्यात होते. वर्षातले सहा महिने बाहेरगावी. आम्हाला वाटायचं, कामासाठी जातात. म्हणजे त्यांचं दुसरं घर होतं. अरे, म्हणजे तू माझा चुलतभाऊ."

आणि मास्तरांनी चष्मेवाल्यांना कडकडून मिठी मारली. चष्मेवाल्यांना मास्तरांच्या खांद्यावरून मुलगी दिसत होती. ती पांढरीफटक पडली होती.

मिठी सोडता सोडता मास्तरांच्याही डोक्यात उजेड पडला. "पण मग ही दोघं नात्याने बहीणभाऊ झाली," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले. नेमके नुसत्या बघायच्या खुर्चीवर. खुर्चीचा मागचा पाय निघाला, मास्तर जमिनीवर आले, पण त्या क्षणी त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, काहीतरीच काय," आणि त्याचा आवाज चिरकला.

आता मात्र चष्मेवाल्यांनी हाय खाल्ली. पोरीचं लग्न मोडतंय आणि कारण काय, तर आपल्या जिभेला हाड नाही. त्यांनी मास्तरांना उठवलं, खऱ्या खुर्चीवर बसवलं आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. आजोबा आपले नाहीत. जुन्या बाजारातून आलेत. हिला फ्रेम हवी होती. पूल नाही, वाघ नाही, काही नाही.

"कुठले पूल?" मास्तरांनी विचारलं.

"ते राहू द्या," बायको म्हणाली.

मुलीने सुटकेचा श्वास घेतला, पण तो पुरता सुटायच्या आत मास्तर पुन्हा उभे राहिले. "एक मिनिट. आमच्या आजोबांचा फोटो आमच्या माळ्यावर आहे, चादरीत गुंडाळलेला. मग तो जुन्या बाजारात कसा जाईल?" त्यांनी घरी धाकट्या मुलाला फोन लावून माळ्यावर चढवलं. सगळे ताटकळत उभे. पाच मिनिटांनी धाकट्याने कळवलं की चादर आहे.

"नुसती चादर?"

नुसती चादर.

मास्तर सावकाश मास्तरीणबाईंकडे वळले. "दोन महिन्यांपूर्वी माळा तू आवरलास."

"आवरला. फोटोला हातही लावला नाही."

"मग काय आजोबा स्वतः चालत गेले?"

"माझ्यावर कशाला ओरडता? तीस वर्षं झाली लग्नाला, चमचा तरी विकलाय का मी तुम्हाला न विचारता?"

"माझ्या आजोबांना भंगारात कुणी काढलं ते कळेपर्यंत कसलीही बोलणी होणार नाहीत," मास्तर म्हणाले. "आणि तुम्ही, दुसऱ्याचे आजोबा खुशाल आपले म्हणून सांगता? उद्या आमचा मुलगाही आपलाच म्हणून सांगाल." ते चपला शोधू लागले. मास्तरीणबाई रडायला लागल्या. चष्मेवाल्यांच्या बायकोने नवऱ्याकडे असं बघितलं की भिंतीवरचे गृहस्थ त्यापेक्षा प्रेमळ वाटावेत.

आजी काठी टेकत उठली. ती म्हणाली, "मला गुदमरतंय. जरा गॅलरीत न्या. तू नको रे, चष्मेवाले नेतील."

गॅलरीत गेल्यावर आजीने दार लोटून घेतलं आणि ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "मी दिला."

"काय?"

"फोटो. सून माळा आवरत होती आणि खाली भंगारवाला आला होता. मामंजी होते ते माझे. बारा वर्षं मी चहा केला आणि बारा वर्षं त्यांनी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं. बोलायचे नाहीत. नुसतं बघायचे. गेल्यावर हे असे भिंतीवर लागले, तरी बघणं चालूच. पुढे घराला रंग दिला त्या निमित्ताने कसेबसे माळ्यावर चढवले, तर दोन महिन्यांपूर्वी मुलगा म्हणाला, पुन्हा हॉलमध्ये लावू या. त्याला आजोबा म्हणजे देव. मग मी काय करणार होते?"

चष्मेवाल्यांनी दाराकडे बघितलं. "मग आता?"

"आता मी आत जाऊन सांगते, हे आमचे नव्हेत. तुम्ही फक्त हो म्हणा. माझी सून विनाकारण शिव्या खातेय. आणि तुमची पोर मला आवडली आहे, ती मी काही सोडत नाही."

दोघं आत आले. आजी काठी टेकत फोटोपाशी गेली, निरखून बघितलं आणि म्हणाली, "छे, हे मामंजी नव्हेत. मामंजींच्या गालावर तीळ होता."

"तीळ? मला नाही आठवत," मास्तर म्हणाले.

"तू पाच वर्षांचा होतास. मी रोज बघत होते. आपला फोटो वाळवीने खाल्ला म्हणून मीच टाकला, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"पण आई, ते बटण. पांढरं आहे."

"कुठे पांढरं? काळंच तर आहे. तुझे डोळे तपासून घे आधी. चष्मेवाले, तुम्ही सांगा, बटण कसलं आहे?"

सव्वीस वर्षं चष्मेवाल्यांनी इमानाने धंदा केला होता. गरज नसलेल्याला चष्मा विकला नव्हता, की चष्मा लागलेल्याला लागला नाही असं सांगितलं नव्हतं. त्यांनी फोटोकडे बघितलं. बटण लख्ख पांढरं होतं. त्यांनी मुलीकडे बघितलं. ती श्वास रोखून उभी होती.

"काळं," चष्मेवाले म्हणाले. "खिडकीचा उजेड पडून पांढरं वाटतंय. मास्तर, तुमचा नंबर बदलला असणार." दोन वाक्यं जास्त झाली होती, पण या वेळी कुणी डोळे वटारले नाहीत.

"मलाही काळंच दिसतंय," मास्तरीणबाई नाक पुसत म्हणाल्या.

"काळंच आहे, बाबा," मुलगा म्हणाला. मुलीनेही मान हलवली. मास्तरांनी एकेकाचा चेहरा न्याहाळला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेवटी मास्तरीणबाईंकडे बघून पुटपुटले, "चुकलं माझं." मग सगळं भराभर झालं. आजीने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या महिन्यातली तारीखही काढली. चष्मेवाल्यांना वाटलं, सुटलो बाबा एकदाचे.

मंडळी निघाली. दारात मास्तर थबकले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "आमचे नसतील, पण चेहरा अगदी त्यांचाच आहे हो. आमचा फोटो वाळवीने खाल्ला. आता बघायचं म्हटलं तरी काही उरलं नाही."

दोन वर्षांत चष्मेवाल्यांच्या बायकोने घरातली एक वस्तू बाहेर जाऊ दिली नव्हती. फुटकी बरणीसुद्धा नाही. ती त्या दिवशी भिंतीपाशी गेली, चौकटीमागचे खिळे वाकवले, गृहस्थांना अलगद बाहेर काढलं आणि गहिवरून म्हणाली, "मला फ्रेमच हवी होती. तुम्ही न्या यांना. आता काय, घरातलंच झालं."

चष्मेवाल्यांनी तिला डोळ्यांनी खूप खुणावलं. तिला वाटलं, त्यांनाही भरून आलंय.

आठवड्याने मास्तर दुकानात येऊन डोळे तपासून गेले. नंबर तोच निघाला. चष्मेवाल्यांनी निमूटपणे त्याच नंबरचा चष्मा नव्या फ्रेममध्ये करून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी एकटी आजी काठी टेकत आली आणि स्टुलावर बसली.

"हॉलमध्ये लावलाय," ती म्हणाली. "मोठा करून. माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर. नव्या चष्म्यातून तो फारच छान दिसतो म्हणे."

"आजी, मी काय सांगू तुम्हाला."

"काही सांगू नका. चष्मा करून द्या. हातातलं पेपर-पुस्तक दिसलं पाहिजे."

चष्मेवाल्यांनी तिचे डोळे नीट तपासले, नंबर लिहिला आणि इमानाने सांगितलं, "हा फक्त वाचायचा होईल, आजी. हा लावून समोरची भिंतसुद्धा धुरकट दिसेल. लांबचं बघायला काढावा लागेल."

"मी काढणार नाही," आजी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत द्याल ना?"