टाळीला कार्योत्तर मंजुरी

सिंफनी ऑर्केस्ट्राच्या मागच्या मैफलीत काही श्रोत्यांनी भलत्याच जागी टाळ्या वाजवल्या, आणि ऑर्केस्ट्राच्या स्वयंसेवक मंडळाने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. टाळी हा विषय श्रोत्यांच्या मर्जीवर सोडणे धोक्याचे आहे, असे ठरले. टाळीप्रमुख हे पद निर्माण झाले आणि त्यावर मंडळातल्या काकांची बिनविरोध निवड झाली, कारण त्या बैठकीला ते एकटेच उशिरा पोचले होते.

काकांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांची पुतणी या ऑर्केस्ट्रात चेलोवर उमेदवारी करत होती, आणि ते अगडबंब वाद्य जिन्यावरून चढवता-उतरवता काकांच्या कमरेचे तीनतेरा वाजले होते. नवोदितांच्या मैफलीत यंदा ती एकटी वाजवणार होती. ते ऐकून छडीवाले, म्हणजे ऑर्केस्ट्राचे संचालक, तिला कायम घ्यायचं की नाही ते ठरवणार होते.

"काका, मध्ये एक मोठी शांतता आहे," तिने बजावलं. "तिथे हात मांडीखाली ठेवा. माझं खरं वाजवणं त्यानंतरच आहे. त्यासाठी वर्षभर हाडाची काडं केलीत मी."

"मांडीखाली काय, खिशात घालून खिसा शिवून टाकतो," काका म्हणाले.

इकडे नियमही तयार झाले. प्रमुखांआधी कुणी टाळी वाजवायची नाही, आणि त्यांनी वाजवल्यावर कुणी मागे राहायचं नाही.

"आणि समजा, कुणी आधी वाजवलीच तर?" काकांनी विचारलं.

"तर तुम्ही लगेच वाजवून ती नियमित करायची," मंडळाच्या अध्यक्षाबाई म्हणाल्या. "बेशिस्त टाळी सभागृहात लोंबकळत ठेवता येत नाही."

मैफलीच्या संध्याकाळी पोरगी असं काही वाजवत होती की काका कमरेचं दुखणं विसरले. मग ती शांतता आली. गज हवेत थांबला. काकांनी हात मांडीखाली घट्ट दाबले. पहिल्या रांगेत अध्यक्षाबाई मघापासून मांडीवर पुष्पगुच्छ सांभाळून अवघडल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली.

एकच. पुतणी त्यांच्याकडेच बघत होती. पण आपण गप्प बसलो तर खुद्द अध्यक्षाबाईंची टाळी बेकायदा ठरते, एवढाच काय तो विचार काकांनी केला. त्यांनी हात बाहेर काढले आणि त्या टाळीला कार्योत्तर मंजुरी दिली.

सगळं सभागृह उभं राहिलं. अध्यक्षाबाई पुष्पगुच्छ घेऊन मंचावर चढल्या.

"मॅडम, अजून निम्मं राहिलंय," पुतणी म्हणाली.

"बघा, किती विनयशील मुलगी," अध्यक्षाबाई माइकवरून म्हणाल्या, आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

"सुरुवात उत्तम," छडीवाले नंतर तिला म्हणाले. "पण कायम जागेसाठी उत्तरार्ध ऐकायला हवा होता. आणि एवढ्या टाळ्यांनंतर पुन्हा वाजवणं म्हणजे श्रोत्यांना 'तुम्ही चुकलात' म्हणण्यासारखं. पुढच्या वर्षी बघू."

काका चेलो घेऊन जिना उतरत होते. पुतणी मागून पुष्पगुच्छ घेऊन येत होती.

"तुम्हाला तर माहीत होतं ना, काका?"

"होतं गं. पण सगळेच उभे राहिले होते."

हे साफ खोटं होतं. काकांनी हात बाहेर काढले तेव्हा सगळे बसलेलेच होते. पण तुम्ही त्यांना हसू नका. तिसऱ्या रांगेत तुम्हीही होतात. शेजारचा उठला म्हणून उठलात, आणि बाहेर पडताना बायकोला म्हणालात, "बाकी काही म्हण, शेवट मात्र अप्रतिम होता."