बिराजदार सरांच्या यादीतली सुमन

बिराजदार सर रोज सकाळी सात वाजता कॉम्प्युटरांची हजेरी घेतात. खोटं वाटत असेल तर लातुरात आमच्या गल्लीत या, चहा माझ्याकडं.

सर निवृत्त मास्तर. वरच्या मजल्यावर क्लाससाठी आलेल्या चार मुली भाड्यानं राहतात. त्यांच्यासाठी सरांनी सगळे पेपर, टिपणं हार्ड डिस्कच्या एका काळ्या डब्यात साठवलीत. डबा घरच्या वायफायला जोडलेला. मुली वरूनच फाइली उघडतात. अट एकच, लॅपटॉपला स्वतःचं नाव-गाव द्यायचं. सर स्क्रीनवर घरातल्या यंत्रांची यादी उघडून ओरडतात, "मनीषा किनवट!"

वरून आवाज येतो, "हजर सर!"

"तोंडानं न्हाई, हितं दिसाय पाहिजे!"

डब्याचंही नाव ठेवलंय, सुमन. पहिली हाक तिलाच. मग सर स्वतःच बारीक आवाजात म्हणतात, "हजर सर." मी खालचा भाडेकरू, पोट धरून हसायचो. म्हातारं चळलंय, असं चारचौघांत बोललोही.

परवा मला नसती अक्कल सुचली. नेट हळू चालतं म्हणून दुसरा राऊटर आणला आणि सरांचा कॉम्प्युटर त्याला जोडून दिला.

सकाळी हाक आली, "सुमन!"

यादी कोरी. पुन्हा हाक. तिसऱ्या हाकेला आवाज चिरकला तसा मी धावलो. डबा बंद करून चालू केला, वायरी हलवल्या. काही नाही. मेलो, डबा माझ्या हातून गेला, असं वाटलं. सर कोऱ्या यादीकडंच बघत होते.

"भूकंपाच्या सकाळी ढिगाऱ्यापुढं उभारून पटावरची सगळी नावं घेतली म्या," ते म्हणाले. "सुमन माझी पोरगी, माझ्याच वर्गात. तिनं ओ दिली न्हाई."

मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात जिन्यातून मनीषा म्हणाली, "सर, माझ्या लॅपटॉपवर सुमन दिसायलीय की!"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. डबा आणि मुली जुन्या राऊटरवर, सर एकटे नव्यावर. एका घराची मीच दोन घरं केली होती. वायर काढून जुन्या जागी खोचली.

यादीत एकेक नाव उगवलं. मनीषा किनवट. मग देगलूर, उमरी, मग चौथीचं. सुमन काही येईना. सर खुर्चीची कड धरून बसले होते.

आली. सगळ्यात शेवटी.

"सुमन," सर हळूच म्हणाले. पुढं त्यांचा आवाज निघेना.

जिन्यातून चौघी एकदम ओरडल्या, "हजर सर!"

तोंडानं न्हाई, असं सर त्या दिवशी म्हणाले नाहीत.