ह्यांचा बसलेला घसा

खोका गॅलरीत ठेवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. वाईट काहीच मनात नव्हतं. उलट बाळाची झोप मोडू नये, हाच सगळा विचार. पण माझ्या चांगल्या विचारांचं नेहमी असंच होतं. मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बंद करायला धावते आणि धावता धावता पातेलंच पाडते.

खोका म्हणजे ह्यांचा अँप. विजेची गिटार नुसती वाजवली तर डास गुणगुणल्यासारखी वाजते. खोक्याला जोडली की मग तिला कंठ फुटतो. (हे मला लग्नानंतर कळलं. तोवर मला वाटायचं, आपल्याला फार हळुवार वाजवणारा नवरा मिळाला.) आमचे हे जहाजावरच्या बँडमध्ये गिटार वाजवतात. गेले की महिनोन्महिने पाण्यावर. घरात उरतो आम्ही तिघी: मी, आमची अजून रांगायलाही न लागलेली ठमी, आणि ह्यांची जुनी गिटार. ठमी रडते, गिटार गप्प असते आणि मी काळजी करते. कामाची वाटणी अशी अगदी ठरलेली आहे. काळजीचं काम मी इतकं मन लावून करते की आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावून ठेवलंय, "बाळ हसलं तर फोन करू नका."

संध्याकाळी ह्यांचा फोन येतो.

"ठमी बरी?"

"बरी."

"तू?"

"बरीच की."

"बरं मग."

संपला फोन. दिवसभर मी मनात साठवून ठेवलेलं असतं, हे सांगीन, ते सांगीन. आणि "बरं मग" म्हटलं की ते सगळं तसंच घशात राहतं. ह्यांच्या मनात वाईट नाही. मुळात बोलण्याचा कंटाळा. देवाने बोटं मन लावून केली आणि जिभेपर्यंत येईतो त्याचीही जेवायची वेळ झाली असावी. ह्या नव्या घरात आल्यापासून मीही जिन्यात कुणी दिसलं की खाली बघून सटकते. एक तर कडेवर ठमी, आणि दुसरं म्हणजे काय बोलायचं, ते आठवेपर्यंत समोरचा माणूस दोन मजले चढून गेलेला असतो.

तर एकदा फोनवर नेहमीचं "बरं मग" आलंच नाही. हे म्हणाले, "अगं, मला एक ओव्हरड्राइव्ह पेडल हवंय. आपल्या मागच्या गल्लीत वाद्यांचं दुकान आहे ना? तू निवड. घरी लावून बघ. सुट्टीला आलो की घेऊन जाईन."

तू निवड! घरातले पडदेसुद्धा ह्यांनी निवडलेत हो. मी मनाशी म्हटलं, बाई गं, हीच संधी. पेडल नीट निवडलं, तर रोज संध्याकाळी आम्हा दोघांना बोलायला एक विषय तरी होईल. आणि चुकलं, तर जन्मभर आपलं "ठमी बरी?"

दुसऱ्या दिवशी ठमीला छातीशी बांधून मी दुकानात गेले. दुकानदाराने तीन पेडलं काउंटरवर मांडली. साबणाच्या डबीएवढे पत्र्याचे डबे, वर तीन गोल बटणं आणि पायाने दाबायचा एक खटका.

"कसं हवंय?" त्याने विचारलं.

"चांगलं द्या."

"तसं नाही ताई. ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय, की ह्याने आवाज जरा फाटतो."

"मग नको. फाटकं कशाला घेऊ? नवं घ्यायचं तर धड घ्यावं."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ठमीकडे बघितलं, आणि ठमीलाच समजावून सांगितल्यासारखा हळू बोलू लागला. "फाडायलाच घेतात हो. नुसता आवाज गुळगुळीत असतो. ह्याने त्याला धार येते. पहिलं बटण ड्राइव्ह, म्हणजे किती फाडायचा. दुसरं टोन, जाड की बारीक. तिसरं लेव्हल, किती मोठा. आता ऐका."

पहिलं पेडल पत्रा घासल्यासारखं किरकिरलं. ठमीने ओठ काढला. दुसरं इतकं गोड होतं की त्यात काही फाटलेलंच वाटेना. मला आवडलं, पण मग दुकानदार म्हणाला, "हे नेलंत तर साहेब परत पाठवतील." तिसरं त्याने वाजवलं आणि मी दचकले. सकाळी उठल्यावर हे पहिला शब्द बोलायच्या आधी जसे खाकरतात ना, हुबेहूब तसं. आता काहीतरी बोलणार, आता बोलणार, असं वाटायला लावणारं.

"हेच द्या," मी म्हटलं.

"ड्राइव्ह फार आहे त्यात. बघा हं, खालच्या आवाजालाही उचलून धरतं."

"असू दे. आमच्याकडे सगळे खालच्याच आवाजात बोलतात."

दुपारी ठमीला दूध पाजून निजवलं. टेबलफॅन लावला. आमचा फॅन म्हणजे पिठाची गिरणी आहे, पण त्या घरघरीशिवाय ठमी डोळा मिटत नाही. आता पेडल लावून बघायचं. पण खोक्याचा आवाज झाला तर ठमी उठणार. म्हणून मी (इथे तो चांगला विचार आला) खोका उचलून गॅलरीत नेला आणि तोंड बाहेर करून ठेवला. ऊन लागू नये म्हणून वर ठमीचं दुपटं घातलं. ह्यांची स्टेजवरची लांबलचक केबल दाराच्या फटीतून आत घेतली आणि दार गच्च लावलं. गिटार पलंगावर, ह्यांच्या जागेवर ठेवली. पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या. धूळ बसू नये म्हणून मानेपर्यंत चादर घातली. गिटार पेडलला जोडली, पेडल खोक्याला. आत पेडल, बाहेर खोका. आता आपल्याला ऐकू कसं येणार, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. बाळाला ऐकू येऊ नये, ह्याचाच बंदोबस्त इतका पक्का झाला होता.

अंगठ्याने खटका दाबला. लाल दिवा लागला. तार छेडली. फॅनची घरघर. ड्राइव्ह वाढवला. फॅनची घरघर. लेव्हल पार शेवटपर्यंत पिळलं. फॅनचीच घरघर.

पेडल बिघडलेलं निघालं! आता संध्याकाळी काय सांगणार? ह्यांनी पहिल्यांदा विश्वासाने काही सांगितलं आणि मी शेवटी टाकाऊ डबा उचलून आणला. चादर बाजूला करून मी गिटारीच्या तारांवरून फडकं फिरवत बसले आणि वाकून तिच्याशीच कुजबुजायला लागले. ठमी झोपलेली, म्हणून अगदी हळू.

"दिवसभर बोलायला कुणी नाही. एक माणूस नाही. भिंतींशी किती बोलायचं?"

बाहेर कुठेतरी ट्रक गुरगुरला.

"जेवलीस का, एवढं तरी विचारायला काय जातं? पोट सगळ्यांनाच असतं."

परत ट्रक. मी थांबले की तोही थांबायचा. मी मनात म्हटलं, रस्त्यावर कुणीतरी गाडी शिकतंय वाटतं. आणि मग मी जी सुरू झाले ती झालेच. रात्री भीती वाटते इथपासून ते आमच्या लग्नाच्या फोटोत हे कॅमेऱ्याकडे न बघता कुठे बघत होते, इथपर्यंत. शेवटी जराशी रडलेही. ट्रक फारच ओरडत होता. मग डोळे पुसले, गिटारीला परत मानेपर्यंत चादर घातली, आणि तेवढ्यात बेल वाजली.

दारात समोरच्या काकू, वरच्या मजल्यावरचे आजोबा आणि खालची नर्स. आजोबांच्या हातात घशाच्या गोळ्यांची डबी. इतकी माणसं माझ्या दारात एकदम कधी आली नव्हती. मला वाटलं, बिल्डिंगला आग लागली.

"आता कसं आहे?" काकू पुटपुटल्या.

मला वाटलं, ठमीबद्दल विचारताहेत. "शांत झोप लागलीय. आत्ताच दूध पाजून निजवलं."

काकूंनी नर्सकडे बघितलं. "एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं दूध?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून दुसरं काही द्यायचं नाही."

"अगं पण त्याने जीव का द्यावा तुझ्यापायी!" काकूंचा आवाज चढला आणि त्या तरातरा आत शिरल्या. "सगळी बिल्डिंग ऐकत होती. 'बोलायला कुणी नाही, कुणी नाही' म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडत होता बिचारा. नवरा इतक्या दिवसांनी घरी येतो आणि तू त्याच्याशी शब्द बोलत नाहीस?"

"कोण नवरा?" मी म्हटलं.

"बघा!" आजोबा हळहळले. "ओळखसुद्धा देत नाही."

तोवर नर्सने पलंगावरची चादरीतली लांबट आकृती बघितली होती. "गुदमरेल तो," म्हणून तिने आधी फॅन बंद केला आणि गॅलरीचं दार उघडलं. काकू पलंगाशी वाकल्या, मायेने म्हणाल्या, "ऊठ रे बाबा, आम्ही आहोत," आणि त्यांनी चादर ओढली.

त्याच क्षणी गॅलरीतून एक राक्षस फाटक्या घशाने गरजला, "आम्ही आहोत!"

काकू मागे सरकून आजोबांच्या पायावर बसल्या. आजोबांच्या गोळ्या घरभर घरंगळल्या. "देवा!" काकू म्हणाल्या, आणि दुपट्याखालचा खोका त्याहून मोठ्याने "देवा!" म्हणाला. ठमी जागी झाली, आणि मग तिचं रडणंही त्या खोक्यातून असं बाहेर पडलं की खाली रस्त्यावरची कुत्री पळाली. मी पेडलवर पाय देऊन ते बंद केलं तेव्हा कुठे शांतता झाली.

मग हसणं सुरू झालं. नर्स तर भिंतीला टेकून हसत होती. मीही हसले. काकू हसता हसता मधेच थांबल्या.

"म्हणजे ते मघाचं सगळं... तू बोलत होतीस?"

आजोबा खाली वाकून गोळ्या वेचायला लागले.

"अगं, मग बेल वाजवायची ना माझी," काकू म्हणाल्या.

"वाजवून काय बोलू?"

"हेच की. हेच तर आम्ही ऐकून आलो."

मी चहा टाकला. घरात कपच कमी पडले. आजोबांनी वाटीतून घेतला.

संध्याकाळी फोन आला. "पेडल चालतं का?"

"चालतं. बिल्डिंगभर चालतं," मी म्हटलं आणि जे झालं ते सांगितलं. हे जन्मात पहिल्यांदा मला प्रश्नावर प्रश्न विचारत सुटले. ड्राइव्ह किती होता? टोन कुठे होता? "अगं, त्या गिटारीचं पिकअप, म्हणजे तारांखालचा तिचा कान, जुनं आहे. जवळ बोललं तर आवाजही ओढून घेतं. आणि वर एवढा ड्राइव्ह! फारच चांगलं पेडल निवडलंस तू." मी कान फोनला घट्ट दाबून धरला होता, एकही शब्द बाहेर सांडू नये म्हणून.

मग हे म्हणाले, "काय काय बोललीस त्यात?"

मी तेही सांगितलं. हे हळूच म्हणाले, "मग... जेवलीस का?"

"हो," मी म्हटलं, "तुम्ही?" पण तोवर लाइन गेली होती. तुटलेल्या फोनला मी जेवणात काय काय होतं तेही सांगितलं. विचारलं होतं ना त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता बदलायचं. आता कुणी दिसलं की आपणहून बोलायचं. दुपटी वाळत घालायला गॅलरीत गेले, तर पलीकडच्या इमारतीतली एक बाई तिच्या गॅलरीत उभी. इथे आल्यापासून आम्ही एकमेकींचे कपडे बघत आलोय, पण नजर म्हणून दिली नव्हती. मी घसा साफ केला, हसले, आणि काय बोलावं ते आठवत उभी राहिले. आठवेपर्यंत तीच बोलली.

"अहो, काल तुमच्या मिस्टरांचं ऐकलं हं. किती मन मोकळं करून बोलतात हो! मी आमच्या ह्यांना म्हटलं, माणसाने असं बोलकं असावं." मग तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मान हलवली. "तुम्हीही थोडं शिका की त्यांच्याकडून."